दोन बटणांवर मारुतीपर्यंत

पहिलं

बिलकीसबाजी अहमदपूरहून नांदेडला एसटीनं आल्या, तेव्हा त्यांच्या हातात सोलापुरी चादरीत बांधलेलं एक गाठोडं होतं. दुकानाच्या पायरीवर टेकून त्यांनी आधी पाणी मागितलं. मग गाठ सोडली.

"कंडक्टर बोलला, एवढ्या मोठ्या सामानाला तिकीट लागंल. मी बोलले, सामान न्हाई हे, बुजुर्ग हाईत. म्हातारपणाची सवलत दे."

"दिली?"

"दिली न्हाई. पण हसला. मग लोह्यापर्यंत त्यानंच मांडीवर धरलं."

चादरीत मास्तरांचं अकॉर्डियन होतं. मोहियोद्दीन मास्तर म्हणजे बिलकीसबाजींचे अब्बा. अहमदपूरला त्यांची बँड पार्टी होती. बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो तेव्हा मी चार सीझन त्यांच्याकडं वाजवलं. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. नंतर मी नांदेडला आलो, इतवाऱ्यात पेटी दुरुस्तीचं दुकान टाकलं. भजनी मंडळांच्या पेट्या, गुरुद्वाऱ्यात कीर्तन गाणाऱ्या रागी लोकांच्या पेट्या. अकॉर्डियन वर्षाला एखादं येतं, तेही शोकेसमध्ये ठेवायला कुणीतरी साफ करून मागतं म्हणून.

"भाता फाटलाय," बिलकीसबाजी म्हणाल्या. "तेवढाच बघायचा. अब्बांनी चारदा सांगितलं, रुद्रेशला बोल, बाकी कशाला हात नक्को."

"एवढी घाई कशाची?"

"वीरण्णाचाचांच्या नातवाचं, हरिओमचं लग्न हाय. मुलगी आमच्याच गावची. चाचांनी देगलूरहून फोन केला. बोलले, परण्याला डीजे वाजला तर मी येत न्हाई. मोहिद्दीनला बोल, आपण दोघं वाजवू, शेवटचं. आता ह्यांचं वय ऐंशी, त्यांचं अठ्ठ्याऐंशी का किती. चाचांना डॉक्टर बोलतो फुंकू नका. ते बोलतात सनई फुंकणार. नऊ दिवस राहिलेत लग्नाला."

"तेच वाजवणार? दोन बटणांचं?"

"दुसरं काय येतं त्यांना?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता पदरानं अकॉर्डियनवरची धूळ पुसली.


दुसरं

त्या वाजवण्याला नाव नव्हतं.

लग्न लागायच्या आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून गावच्या मारुतीला नेतात, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. मांडवापासून मारुती असतो फर्लांगभर. लागतो दीड तास. नाचणारे जागचे हलत नाहीत, करवल्या उन्हानं लाल होतात, गुरुजी मांडवात घड्याळ बघत बसतात आणि बारा पस्तीसचा मुहूर्त अडीचला लागतो. हा सगळा वेळ बँडवाल्यानं भरून काढायचा.

मास्तर तो दोन बटणांवर भरायचे.

अकॉर्डियनला उजव्या हाताला पेटीसारख्या पट्ट्या असतात आणि डाव्या हाताला बटणं. एक बटण दाबलं की तीन सूर एकदम निघतात, ती कॉर्ड. मास्तरांच्या अकॉर्डियनला अशी अठ्ठेचाळीस बटणं होती आणि त्यातली दोनच बोलायची. डी मायनर आणि सी. बाकीची दाबली तर 'टक', बस्स.

"घामानं गेली," मास्तर सांगायचे. "लग्नं सगळी उन्हाळ्यातली. पेटी पोटाशी धरून वाजवायची. घाम आत जातो."

त्यांच्या शेजारी वीरण्णा सनई घेऊन उभे. देगलूरकडचे, बोलण्यात अर्धी कानडी. अंगानं काडी, आणि फुंकायला लागले की गळ्याच्या शिरा बोटाएवढ्या.

"ह्याची पेटी म्हणजे दोन गायींचा गोठा," वीरण्णा सगळ्यांदेखत म्हणायचे. "एक दूध देती, एक लाथ मारती. तिसरी न्हाईच. कंजूस!"

"तुझी सनई तर एकच बकरी हाय," मास्तर म्हणायचे.

"हौदु, हौदु, हाय एकच. पण तिला शिंगं हाईत."

मी खुळखुळा वाजवायचो. नंतर साइड ड्रम दिला, पण खुळखुळ्यावर असताना मला सगळं नीट ऐकू यायचं.


पहिलं

असं चालायचं.

घोडं उभं असलं की पहिलं बटण. घोडं उभंच आहे तोवर पहिलंच. दुसरं लावायचं नाही. लोकांना वाटतं आता लावतील, तरी लावायचं नाही. मास्तर भाता एवढा हळू ओढायचे की सुरुवातीला कॉर्ड आहे की गर्दीचाच आवाज आहे, सांगता यायचं नाही. त्यावर वीरण्णा पाच सुरांचा एक तुकडा वाजवायचे. परत तोच. परत तोच. चौथ्यांदा तोच. पाचव्यांदा चारच सूर वाजवून थांबायचे आणि पाचवा सूर नाचणारे आपल्या खांद्यांनी पुरा करायचे. मी बघितलंय. दोनशे खांदे एकदम.

मग मास्तर हनुवटी वर करायचे. ढोल बंद, ताशा बंद. फक्त माझा खुळखुळा आणि ते एक बटण. भात्यात जेवढा श्वास असेल तेवढा. एवढ्या गोंगाटानंतर ते ऐकलं की म्हातारी माणसंही मान वर करून बघायची, काय झालं म्हणून. किनगावच्या एका लग्नात मास्तरांनी ते अकरा मिनिटं धरलं होतं. ताशेवाल्यानं हातातल्या काड्या दाखवून विचारलं, मी काय करू? मास्तरांनी मान हलवली. काही करू नको.


दुसरं

आणि मग दुसरं बटण.

ते लागलं की घोडं चालायचं. घोडेवाल्याला कुणी सांगितलेलं नसायचं, घोड्याला तर नाहीच. नाचणारे नाचता नाचता पुढं सरकायचे, करवल्या पुढं सरकायच्या, घोडं त्यांच्या मागं. पंधरावीस पावलं. मग परत पहिलं लागायचं आणि सगळं थांबायचं.

कितीदा तरी मी मोजून बघितलं. मास्तर आधी की घोडं आधी? मास्तरच आधी असायचे. डाव्या हाताच्या एका बोटावर ते अख्खी परण्याची गर्दी हाकायचे आणि गर्दीला त्याचा पत्ताच नसायचा. त्यांच्या परण्याला दीड तास लागायचा नाही. पन्नास मिनिटांत मारुती. गुरुजी लोक म्हणून तर मास्तरांचं नाव सुचवायचे.

पण त्या पन्नास मिनिटांत कुणाला घाई वाटायची नाही. मला अजून तसला वेळ परत मिळालेला नाही.


पहिलं

भाता दीड दिवसात झाला. कोपऱ्यांचं चामडं कुजलं होतं, ते बदललं, घड्यांना आतून कापड लावलं. तेवढ्यावर पेटी बंद करून अहमदपूरला पाठवायची होती.

मी डाव्या बाजूचं झाकण उघडलं.

आत प्रत्येक बटणाची एक दांडी असते आणि दांडीला हुकासारखे लहान आकडे असतात. बटण दाबलं की आकडा पट्टी ओढतो, पट्टी भोक उघडते, सूर वाजतो. शेहेचाळीस दांड्यांचे आकडे वळवून ठेवलेले होते. बटण खाली जायचं, आकडा पट्टीला लागायचाच नाही.

सगळे एकाच बाजूला वळवलेले. सारख्याच कोनात. एकावरही गंज नाही.

घामानं असं होत नाही. हे मला दिसलं. मी जवळजवळ तीस वर्षं हेच काम करतोय, न दिसायला काय झालं? पण मी स्वतःला सांगितलं की उदगीरच्या नाहीतर कुठल्या तरी अडाण्यानं ही उघडली असेल, त्याला जमलं नसेल, आणि मास्तर बिचारे इतकी वर्षं दोन बटणांवर भागवतायत. 'बाकी कशाला हात नक्को' हे त्यांचं भिडेपोटीचं बोलणं. रुद्रेशला त्रास नको म्हणून.

चार दिवस लागले. बारीक पकडीनं एकेक आकडा सरळ केला. भजनी मंडळाचे आप्पासाहेब त्यांची पेटी न्यायला दोनदा येऊन रिकाम्या हातानं गेले. "काय करून राहिलास एवढं? जहाज बांधायलास का?" म्हणाले. मी त्यांना अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कॉर्ड वाजवून दाखवल्या. आप्पासाहेब खुर्चीत बसले.

"माणूस हायेस का कोण?" ते म्हणाले. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.


पहिलं

पेटी मी स्वतः घेऊन गेलो. लग्नाला तीन दिवस होते.

मास्तर अंगणात कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. पांढरा कुडता, हातात काठी. डोळ्यांनी त्यांना आता फक्त उजेड आणि माणसांचे आकार दिसतात. पेटी मांडीवर घेतल्यावर मात्र चेहरा तोच झाला, मला आठवत होता तो. भाता उघडून बघितला. "वा," म्हणाले. डावा हात पट्ट्यातून आत घातला आणि पहिलं बटण शोधायला लागले.

बोट थरथरत होतं. बाजूच्याच बटणावर पडलं.

ते बोललं.

मास्तरांनी हात मागं घेतला, तव्याला लागल्यासारखा. परत बोट टेकवलं. भलतंच बटण, तेही बोललं. तिसरं. चौथं.

"सगळी बोलती केलीस?"

"अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, मास्तर."

वरून लिंबोळ्या पडत होत्या, एक अकॉर्डियनवर पडली, ती त्यांनी चाचपून उचलली.

"मेहनत लई केलीस," ते म्हणाले. "बिलकीस, ह्याला चहा दे. खारी पण दे."

त्यांनी काही वाजवलं नाही. मीही आग्रह केला नाही. प्रवासानं दमले असतील म्हणालो मनात. प्रवास मी केला होता.


दुसरं

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

"रुद्रेश, तू पेटीला काय केलंस?"

"बाजी, का? भाता गळतोय?"

"भाता बरा हाय. अब्बा हात लावायला तयार न्हाईत. आता बोलतात, वीरण्णाला फोन लाव, माझा खांदा दुखतो म्हण, येणं होत न्हाई. खांदा काही दुखत न्हाई त्यांचा. फरहानला बोलले, तूच तुझा डीजे वाजव. फरहान तर खूश व्हायचा सोडून मलाच विचारायलाय, अम्मी, नानाला झालं काय?"

फरहान बिलकीसबाजींचा मुलगा. त्याचा टेम्पो, त्याची आठ बेस स्पीकरची भिंत. मास्तरांच्या जुन्या बँडच्या नावाच्या खाली 'साउंड' लिहून त्यानं पाटी केलीय.

"वीरण्णांना फोन लावला का?"

"न्हाई लावला. चाचांनी दात बसवून घेतलेत सनईसाठी. कसं सांगू?"

मी दुकानाचं शटर ओढलं. पकड खिशात होतीच, रोजच असते.


पहिलं

"तू माझ्याकडं यायच्या बारा वर्षं आधीची गोष्ट," मास्तर म्हणाले. त्याच खुर्चीत, त्याच कडुनिंबाखाली. पेटी समोर बाजेवर. "शिरूर अनंतपाळचं लग्न. पेटी नवी. हैदराबादहून आणली होती. ही अशी चकाकायची, परण्यातले लोक नवरदेव सोडून हिच्याकडं बघायचे. सगळी बटणं वाजवायची हौस मला. लोक पण सिनेमाची गाणी मागायलते. वीरण्णा शेजारी. आता सनई म्हणजे लाकूड, बेटा. तिचे सूर तिच्या भोकांचे. ती ऐकत न्हाई कुणाचं."

"हां."

"त्याचा नी खालचा. मी झोकात ए मेजर दाबला. त्यातला नी वरचा. दोन्ही एकदम. काय झालं असंल?"

"बेसूर."

"बेसूर कोण ठरला?"

मी बाजेच्या कडेला टेकलो.

"नवरदेवाचा मामा पुढं आला. वीरण्णाला बोलला, 'ए वाजंत्र्या, बंद कर ते, तुझ्यामुळं गाणं नासायलंय.' लोक हसले. वीरण्णानं सनई खाली घेतली. मारुतीपर्यंत आमच्याबरोबर चालत आला, एक सूर न्हाई. जेवायला बसला न्हाई. चूक माझ्या बोटाची होती. मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. पण लोक माझ्याकडं बघून वा वा करायलते, आणि मी…" त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. "मी वाजवत राहिलो."

बिलकीसबाजी दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही हे नवीन होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पकड घेऊन बसलो. जेवढी बटणं त्याच्या सनईला चावतात तेवढी मुकी केली. चावतील असं वाटलं ती पण केली. शेवटी दोन उरली. म्हणलं, चला, दोन तर दोन."

"वीरण्णाचाचांना सांगितलं का कधी?" बाजींनी विचारलं.

"काय सांगू? तुझ्यासाठी केलं म्हणू? दुसऱ्या दिवशी देगलूरला निघून जाईल, परत तोंड दाखवणार न्हाई. मी बोललो घामानं गेली. तवापासून मला कंजूस म्हणतो. म्हणू दे."

"मास्तर, आता ती दोनच दाबा की," मी म्हणालो. "बाकीची वाजत असली म्हणून काय?"

त्यांनी डावा हात माझ्यापुढं धरला. बोटं उन्हात पानासारखी हलत होती.

"दिसत न्हाई. हात थरथरतो. दहा वर्षं झाली, दर वेळी आधी बाजूचंच लागतं, मग बरोबर लागतं. मुकी होती तवर चालून जायचं. आता परण्यात, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्याच्या नातवाच्या लग्नात, मी परत त्याच्या सुरावर भलतंच काही टाकू? आणि ह्या वयात?"

चहा थंड झाला.

"मी परत वळवून देतो," मी म्हणालो.

"मेहनत केलीस एवढी."

"दोन तास लागतील."

ते 'हो' म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त पेटी माझ्या बाजूला सरकवली.


पहिलं

एकदा वळवलेला, मग सरळ केलेला आकडा तिसऱ्यांदा वळवला की काही वेळा तुटतो. हे मला माहीत होतं. मास्तरांनाही माहीत असणार. पहिला तुटला तेव्हा 'कट' असा आवाज आला आणि त्यांनी मान वर केली.

"तुटलेला राहू दे तसाच," मी म्हणालो.

"राहू दे. पुढचा घे," ते म्हणाले.

मी दोन तास बसलो. सदतीस वळले. नऊ तुटले. तुटलेले बिलकीसबाजींनी बशीत गोळा केले. ती नऊ बटणं आता कुणी कितीही दुरुस्त करायला गेलं तरी बोलायची नाहीत. नवी दांडी मिळत नाही, त्या कंपनीचं अकॉर्डियन कुणी बनवत नाही.

झाकण लावायच्या आधी मी एकदा सगळी बटणं दाबून बघितली. टक, टक, टक. मग डी मायनर. मग सी.

माझ्या हातानं एवढी चांगली बिघडलेली पेटी मी पहिल्यांदाच दिली.


दुसरं

वीरण्णा जीपमधून उतरले ते सनई हातात घेऊनच. डोक्याला गुलाबी फेटा, नवे दात, दोन्ही बाजूंनी दोन पाहुण्या बायका धरायला. त्यांनी दोघींना हातानं बाजूला केलं आणि मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मास्तरांपर्यंत एकटे चालत आले.

"मोहिद्दीना, अजून जिता हायेस?"

"तुझी वाट बघायलो. तू गेल्याशिवाय कसा जाऊ?"

"पेटी नांदेडला दुरुस्तीला दिल्ती म्हणं?"

मांडवात आप्पासाहेब होते. मुलीकडचे पाहुणे निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचं अख्खं भजनी मंडळ, नांदेडची माझी अर्धी गिऱ्हाइकं. ती सगळी माझ्याकडं बघत होती, आणि आप्पासाहेब तर शेजारच्याला सांगायला लागलेच होते, "अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस…"

मास्तरांनी पेटी पोटाशी ओढून धरली.

"दिली होती, काका," मी म्हणालो. "न्हाई जमली."

"काय?"

"भाता तेवढा झाला. बटणं न्हाई झाली. उलट थोडी बिघडलीच माझ्याकडून."

आप्पासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. मंडळाची पेटी त्यांनी त्यानंतर माझ्याकडं परत टाकली नाही, ती आता परभणीला जाते.

"तीस वर्षं काय केलंस मग, गवत उपटलंस?" वीरण्णा म्हणाले. लोक हसले. त्यांनी पुढं होऊन अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला बोट लावलं. एक बटण दाबलं. टक. दुसरं दाबलं. टक. तिसरं, चौथं, एकेक करत पाच-सहा बटणं त्यांनी शांतपणे दाबली, कान जवळ नेऊन. मास्तर श्वास धरून उभे होते.

"साकु," वीरण्णा म्हणाले. "पुरे. हीच पाहिजे." आणि मास्तरांच्या बोटांवर आपला हात थोडा वेळ तसाच ठेवला. त्यांना काय माहीत होतं, कधीपासून माहीत होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारायची वेळ आली नाही.


पहिलं

फरहाननं टेम्पोचा जनरेटर बंद केला. हरिओम घोड्यावर बसला. मी खुळखुळा घेतला. ढोलवाले आणि ताशेवाले फरहाननं उदगीरहून मागवले होते, पंचविशीची पोरं, त्यांना काही माहीत नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं, मास्तरांनी हनुवटी वर केली की थांबायचं.

हरिओमच्या मित्रांनी फोन वर धरले आणि वाट बघायला लागले. गाणं कधी सुरू होतंय म्हणून. सुरू झालं होतं.

वीरण्णांनी पाच सुरांचा तुकडा घेतला. दुसऱ्या वेळी त्यांचा श्वास चार सुरांना पुरला. मग परत पाच. मग तीन. मागं ते मुद्दाम सूर गाळायचे, आता सूर आपणच गळत होते. पण जिथं सूर गळायचा तिथं मास्तर भाता किंचित फुलवायचे आणि ती जागा भरायची. ऐकणाऱ्याला वाटावं, असंच ठरलं होतं. मागच्या बाजूला एका म्हातारीनं टाळी धरली. मग तिच्या शेजारणीनं. पोरांनी फोन खाली घेतले, कारण फोन धरून खांदे हलवता येत नाहीत.


दुसरं

घोडं चाललं. पंधरा पावलं.


पहिलं

थांबलं.


दुसरं

परत चाललं. पाण्याच्या टाकीपर्यंत.


पहिलं

मारुती समोर होता. शेंदूर दिसत होता. आता एकदा दुसरं लागलं की घोडं थेट पायरीशी जाणार, नवरदेव उतरणार, नारळ फुटणार आणि फरहानचा जनरेटर सुरू होणार.

मास्तरांनी पहिलं धरलं.

हनुवटी वर. ढोल थांबला, ताशा थांबला. माझा खुळखुळा आणि ते बटण. वीरण्णांनी सनई खाली घेतली होती, छाती भात्यासारखी हलत होती. एका पाहुणीनं त्यांना पाणी द्यायला हात पुढं केला. "बेडा," ते म्हणाले, तिच्याकडं न बघता. नको. ते मास्तरांकडं बघत होते.

कुणी हललं नाही. घोड्यानं कान हलवले. एक मिनिट झालं, दोन झाली. गुरुजींचा माणूस मांडवाकडून घाईघाईनं येत होता, तोही गर्दीच्या कडेला येऊन उभा राहिला. किनगावला अकरा मिनिटं होती. मला वाटलं, आज मास्तर सोडणारच नाहीत. मला वाटलं, सोडू नयेत.

वीरण्णांनी सनई ओठांना लावली. एकच सूर. बारीक, कापरा, पण जागच्या जागी.

मी मास्तरांच्या अगदी शेजारी उभा होतो, म्हणून मला दिसलं. त्यांचं बोट पहिल्या बटणावरून उठलं आणि दुसऱ्याकडं निघालं. थरथरत चुकलं. बाजूच्या बटणावर पडलं, तुटलेल्या नऊंपैकी एकावर.

टक.

कुणाला ऐकू गेलं नाही. सनईचा सूर तसाच होता, अंगावर कसलाही ओरखडा नसलेला.

बोट परत उठलं. परत चुकलं.

टक.


दुसरं

घोडं चाललं.